कांडी भरणारी मुलगी

बुऱ्हाणपुरात ध्यानाला बसायचं तर यंत्रमागांच्या खडखडाटासकट बसावं लागतं. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए इथल्या तलम कापडाबद्दल लिहून गेला. ते तेव्हा इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं. पुढे हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, तरी गाव विणकरांचंच राहिलं.

१९७६ साली उभ्या राहिलेल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो. आर्य मौन, वेळेवर दोन घास, फोन नाही. ते हवंच, मनाला सवय लागायला आधी तशी जागा लागते. पण नंतर माणूस घरी येतो. मला ओढ त्या घरी आल्यानंतरच्या एकाग्रतेची आहे.

म्हणून धम्मपदाच्या अट्ठकथेतली, म्हणजे भाष्यातली, आळवी गावच्या विणकराची मुलगी मला फार जवळची वाटते. बुद्धांनी तिथे मरणस्मृतीचा उपदेश केला. ऐकणारे पुष्कळ होते. घरी नेला तो या एकट्या सोळा वर्षांच्या मुलीने. तीन वर्षं तिने तोच एक विचार धरून ठेवला, आणि बापाच्या मागासाठी कांड्याही भरत राहिली. बुद्ध पुन्हा आले तेव्हा तिला धावत जायचं होतं. पण बापाचं कापड अडलं होतं, कांडी भरायची होती. तिने आधी कांडी भरली. तोवर बुद्ध सभेसमोर गप्प बसून राहिले. तीस योजनं चालून ते तिच्यासाठीच आले होते.

मग त्यांनी कुठून आलीस, कुठे जाणार, असं विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली. लोक चिडले, त्यांना ते उद्धट वाटलं. ती आपण कुठल्या जन्मातून आलो, कुठल्या जन्मात जाणार, याबद्दल बोलत होती. मरण येणार हे तिला माहीत होतं, कधी ते नव्हतं. पण मला या उत्तरांपेक्षाही ती कांडी मोठी वाटते. तीन वर्षं एकच विचार धरणाऱ्या मुलीने त्या विचारापायी हातातलं काम अर्धवट टाकलं नाही, आणि तथागतांनी त्या कामाचा मान राखला.

सतिपट्ठान सुत्तातही श्वास जाणण्यासाठी दाखला येतो तो लाकूड कातणाऱ्या काताऱ्याचा: दोरी लांब ओढताना लांब ओढतो आहे, आखूड ओढताना आखूड, हे तो जाणतो. आमच्या गल्लीत माग सांभाळणारा माणूस त्या गदारोळात ताण्याचा एक तुटलेला धागा हेरतो, माग थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा सुरू करतो. धागा तुटला म्हणून त्रागा करत नाही. श्वासावरून मन सुटलं की मीही एवढंच करू पाहतो.

गोष्टीचा शेवट कठोर आहे. उपदेश ऐकून सोतापन्न झालेली, मुक्तीच्या वाटेला लागलेली ती मुलगी कांडी घेऊन बापाकडेच परतली. बाप मागावर बसल्या बसल्या झोपला होता. चाहूल लागताच त्याचे हात सवयीने चालले, मागाचं टोक तिच्या छातीत बसलं आणि ती गेली. एकाच मागावरची दोन माणसं: एकीच्या हातांबरोबर मन होतं, दुसऱ्याचे हात एकटेच चालले. तो रडत बुद्धांकडे गेला, भिक्षू झाला आणि पुढे अर्हत्पदाला पोचला, असं अट्ठकथा सांगते. मागावर झोपलेल्यालाही वाट बंद नव्हती.