कोरडे हात

लिंबागणेशच्या विहिरीत पाठीला रिकामा कॅन बांधून पोहायला शिकलो. पाण्यात उतरायला हातमोजे लागतात असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर अख्खं गाव हसलं असतं.

पण दोन वर्षांच्या सुट्ट्या साठवून आइसलँडला सिल्फ्रात डाइव्हिंगला गेलो. दोन भूपट्ट्यांमधली भेग, काचेसारखं पाणी, तापमान २ ते ४ अंश! अंगात ड्रायसूट होता, हातात मात्र पाणी आत घेणारे साधे निओप्रीनचे मोजे. थोड्याच वेळात सूटमध्ये हवा भरायचं बटण बोटांना लागेचना. सॉलिड टरकली.

मग ड्राय ग्लोव्ह्ज घेतलेच. बाहेर रबरी मोजा, आत लोकरीचा. मनगटावरच्या कड्याला खटकन बसतो. खरी गंमत मनगटाच्या सीलखाली आहे. तिथे बारीक दोरी सरकवली की सूटमधली हवा मोज्यात येते. नाहीतर १० मीटरवर दाब दुप्पट, आतली हवा निम्मी, आणि मोजा हात आवळतो. तोटा एकच, पण मोठा. मोजा फाटला तर त्याच वाटेनं पाणी बाहीत! म्हणून आधी मोजा फुगवून बादलीत दाबतो. बुडबुडा दिसला की बाद.

मे महिन्यात गावी आजीनं ते मोजे पाहिले. “एवढं पैसं घालून गार पाण्यात? आपल्या हिरीला काय झालं व्हतं रं?”

विहिरीत तेव्हा तळ दिसत होता.