तोरणमाळच्या वाटेवरील सव्यसाची

गेल्या कार्तिकाच्या आरंभी आम्ही सहकुटुंब तोरणमाळास जाण्याचे योजिले. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानकावर उतरले की पाहुण्याचे पहिले स्वागत होते ते मिरचीच्या ठसक्याने. गावाबाहेरील मोकळ्या जागांवर ओल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ती सारी भूमी जणू कुंकवाने सारवल्यासारखी दिसते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा नवा जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. दक्षिणेस तापीचे काळे सपाट रान, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्याही पलीकडे नर्मदा, असा हा मुलूख. आपल्यापैकी पुष्कळांनी तो आगगाडीच्या खिडकीतूनच काय तो पाहिलेला असतो.

आमच्यासोबत मातोश्री, म्हणजे घरातील सर्वांच्या माई, आमच्या वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा अशी मंडळी होती. हा आमचा पुतण्या जन्माचा डावखुरा. दूधभाताचा पहिला घास त्याने डाव्या हाताने तोंडात घातला तेव्हा सर्वांनी कौतुक केले. पाटीवर पहिली रेघही डाव्या हाताने ओढली तेव्हा मात्र घरात चर्चा झाली. ‘वळण लहानपणीच लागते’ हे तत्त्व आमच्या घरात सर्वमान्य असल्याने त्याला उजव्या हाताने लिहिण्यास शिकविण्याची कामगिरी आमच्याकडे आली. ती आम्ही निष्ठेने पार पाडली. पेन्सिल डाव्या हातात दिसली की ती काढून उजव्या हातात द्यावयाची, आणि पुन्हा दिसली तर बोटांवर पट्टीचा हलकासा प्रसाद. वर्षभरात तो उजव्या हाताने लिहू लागला. अक्षर बरे होते. परंतु लिहिताना तो ओठ दाताखाली धरी, हे आमच्या ध्यानात येऊनही आम्ही ते मनावर घेतले नाही.

नंदुरबारहून शहाद्यास जाताना वाटेत प्रकाशे लागते. तापी व गोमाई यांच्या संगमावरील हे क्षेत्र दक्षिणकाशी म्हणून ख्यात आहे. १९५४-५५ साली येथील टेकाडाचे उत्खनन झाले, तेव्हा खाली ताम्रपाषाण काळापर्यंतच्या वस्तीचे थर सापडले; म्हणजे या घाटावर माणूस किती शतके पाणी भरीत आला, याची कल्पना करावी. आता बंधाऱ्यामुळे तापीचे पात्र येथे तुडुंब दिसते. केदारेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा प्रसाद वाटला जात होता. पुतण्याने गडबडीत डावा हात पुढे केला. वहिनींनी चारचौघांत त्याचा हात खाली ओढला, आणि त्यानंतर मोटारीत बसल्यापासून शहादा येईपर्यंत पोराने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. कोणी काही बोलले नाही.

शहाद्याच्या पुढे रस्ता सातपुड्याकडे वळतो. केळी, ऊस आणि पपईचे मळे मागे पडतात व कोरडवाहू शिवार लागते. डोंगराच्या पायथ्याशी मोटारीत पाणी घालण्यासाठी आमचा चालक थांबला. शेजारीच ज्वारीचे शेत होते. कणसे भरून वाकलेली, आणि मध्यभागी चार मेढींवर उभारलेला माळा. त्यावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा गोफण घेऊन उभा होता.

गोफण आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी पाहिली असेल. शहरवासीयांसाठी थोडे सांगतो. दोन दोऱ्या आणि त्यांच्या मधोमध विणलेली एक उथळ वाटी, एवढेच हे यंत्र. एका दोरीच्या टोकाचा फास बोटात अडकवावयाचा, दुसरे टोक चिमटीत धरावयाचे, वाटीत गोफणगुंडा ठेवून डोक्याभोवती गरगर फिरवावयाचे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडावयाची. क्षण चुकला तर गुंडा पाखरांऐवजी आपल्याच माणसांवर येतो. म्हणूनच एका हाताने गोफण साधावयाची तरी बरेच दिवस जातात.

त्या मुलाने पूर्वेकडील थव्यावर उजव्या हाताने गुंडा सोडला. थवा उठला तो वळसा घालून पश्चिमेकडील कणसांवर जाऊन बसला. त्या अंगास बाभळीची एक फांदी माळ्यावर आली होती व उजवा हात तिकडे मोकळा फिरण्याजोगा नव्हता. मुलाने फास काढून डाव्या हाताच्या बोटात घातला, पाय बदलले, गोफण उलट्या अंगाने फिरविली आणि गुंडा त्याच वेगाने, त्याच नेमाने थव्याच्या कडेला नेऊन टाकला. आमचा पुतण्या मोटारीतून केव्हा उतरला व बांधावर जाऊन उभा राहिला, हे आम्हांस कळलेच नाही. मांडीखालचे हात आता बाहेर आले होते.

चालकाच्या मध्यस्थीने आम्ही त्या मुलास विचारले की, हे दोन्ही हात तुला कोणी शिकविले? त्याला प्रश्नच नीट कळेना. पाखरे दोन्हीकडून येतात, तेव्हा हातही दोन्हीकडचे लागतात, असे काहीसे त्याचे उत्तर होते.

माई म्हणाल्या, ‘‘हा तर अर्जुनच!’’ विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो, त्यांत सव्यसाची हे एक. गांडीव दोन्ही हातांनी सारख्याच सामर्थ्याने ओढतो तो सव्यसाची. परंतु ज्या मुलखात आम्ही उभे होतो तेथे अर्जुनापेक्षा एकलव्याचीच आठवण अधिक जिवंत आहे. भिल्ल धनुर्धर बाण सोडताना अंगठा लावीत नाहीत, दोन बोटांतच बाण धरतात, असे सांगतात. आणि त्याचे कारण म्हणून एकलव्याच्या गुरुदक्षिणेकडे बोट दाखवितात. महाभारतकारांनी हेही प्रामाणिकपणे नोंदविले आहे की, अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची त्वरा काही त्याच्या हाती राहिली नाही. एकाच गुरूच्या नावाने एकाचे दोन हात झाले आणि दुसऱ्याचा एकही पुरता राहिला नाही.

सात पायरीचा घाट चढून सायंकाळी आम्ही तोरणमाळास पोहोचलो. सागरसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवरील हे पठार, मध्ये यशवंत तलावाचे शांत पाणी, पलीकडे सीताखाईची खोल दरी. गोरखनाथाच्या येथील देवळाशी महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मात्र सर्वत्र सामसूम होती. थंडी पडू लागली तशी शाली पांघरून आम्ही तलावाकाठी बसलो. पुतण्याने विचारले, ‘‘काका, क्रिकेटमध्ये कोणी असा दोन्ही हातांनी चेंडू टाकतो का हो?’’

टाकतो, आणि तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे, असे आम्ही त्यास सांगितले. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार विदर्भाकडून खेळतो. उजव्या हाताने ऑफस्पिन आणि डाव्या हातानेही फिरकी, अशी त्याची दुहेरी विद्या. १२ सप्टेंबर २०१७ रोजी चेन्नईस ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने डावखुऱ्या फलंदाजास उजव्या हाताने व उजव्या फलंदाजास डाव्या हाताने चेंडू टाकले. यातील मर्म असे की, फलंदाजाच्या अंगापासून दूर वळणारा चेंडू खेळण्यास अधिक कठीण. हात बदलणारा गोलंदाज समोर कोणीही येवो, चेंडू दूरच वळवू शकतो. २०२१ च्या नोव्हेंबरात मणिपूरविरुद्ध त्याने आपली चारही षटके निर्धाव टाकून दोन गडी बाद केले; वीस षटकांच्या सामन्यात अशी कामगिरी दुर्मीळच. श्रीलंकेच्या कामिंदु मेंडिसनेही जुलै २०२४ मध्ये पल्लेकेले येथे आपल्या संघाविरुद्ध एकाच षटकात दोन्ही हात वापरले. नियमाची अट एवढीच की, कोणत्या हाताने टाकणार हे पंचास आधी सांगावे व पंचाने ते फलंदाजास कळवावे. न सांगता हात बदलला तर तो नोबॉल.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात तर याहून मौजेचा प्रसंग घडला. तेथे चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो. टाकणारा व खेळणारा एकाच हाताचे असले तर टाकणाऱ्यास फायदा, भिन्न हातांचे असले तर खेळणाऱ्यास. म्हणून दोन्ही बाजूंनी खेळणारे फलंदाज तेथे पुष्कळ असतात. दोन्ही हातांनी टाकणारा मात्र विरळा. १९९५ च्या सप्टेंबरात ग्रेग हॅरिस या खेळाडूने एकाच डावात दोन्ही हातांनी चेंडू टाकले. त्यानंतर आला पॅट व्हेंडिट. मूळचा उजवा, परंतु तीन वर्षांचा असल्यापासून वडिलांनी त्याला डाव्या हातानेही फेकण्याचा सराव दिला. दोहोंपैकी कोणत्याही हातात चढवावा असा, दोन बाजूंना दोन अंगठे असलेला सहा बोटांचा हातमोजा तो वापरी. १९ जून २००८ रोजी न्यूयॉर्कमधील एका सामन्यात त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज आला. व्हेंडिटने मोजा बदलला की फलंदाज बाजू बदली. फलंदाजाने बाजू बदलली की हा मोजा बदली. प्रेक्षक हसून बेजार आणि पंच गोंधळून गेलेले! त्यानंतर नियम झाला की, टाकणाऱ्याने आपला हात आधी दाखवावा आणि त्या फलंदाजापुरता मग तो बदलू नये. ५ जून २०१५ रोजी व्हेंडिटने तेथील सर्वोच्च श्रेणीच्या सामन्यात पदार्पण केले.

पोर मन लावून ऐकत होते. सारे ऐकून त्याने शांतपणे विचारले, ‘‘त्याच्या बाबांनी उजवा हात बंद नाही केला?’’

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तलावावरून वारा येत होता. माई जपमाळ ओढीत होत्या, त्यांची बोटे थांबली. व्हेंडिटच्या वडिलांनी मुलास एक हात वाढवून दिला; आम्ही एक हात काढून दुसरा दिला, आणि त्यास वळण म्हटले. माळ्यावरील त्या मुलाचा तर कोणी कोणताच हात धरला नव्हता. शंभर माणसांत सुमारे दहा जन्मतः डावखुरी असतात. आपल्या घराण्यांतून ती दिसत नाहीत, याचा अर्थ ती नव्हती असा नव्हे. आमच्या आजोबांची सही फार वाकडी येई, असे घरात हसून सांगत असत. ते विटीदांडू मात्र डाव्या हाताने खेळत, हेही माईंनीच त्या रात्री प्रथम सांगितले.

दुसऱ्या दिवशी परतताना पुतण्याने त्याच बांधाशी मोटार थांबविण्याचा हट्ट धरला. माळ्यावरचा मुलगा खाली आला व त्याने आपली गोफण आमच्या मुलाच्या पुढे केली. पोराने वहिनींकडे पाहिले. वहिनी माईंकडे पाहू लागल्या. माई म्हणाल्या, ‘‘देवाच्या प्रसादाला उजवा हात पुढे कर बाळ, तेवढे माझ्यासाठी कर. बाकी हात तुझे आहेत.’’

त्याने फास डाव्या हाताच्या बोटात घातला. पहिला गुंडा भलतीकडेच गेला, दुसरा मागे सुटला आणि आम्ही सर्व मंडळी मोटारीआड पळालो. तो राखणदार मुलगा पोट धरधरून हसला. सातवा की आठवा गुंडा ज्वारीवरून सरळ निघून गेला आणि पाखरे उठली.

घरी आल्यावर आम्ही त्याच्या दप्तरातील पेन्सिल काढून मेजावर मधोमध ठेवली व स्वस्थ बसून राहिलो. त्याने ती डाव्या हाताने उचलली. अक्षर अगदीच वेडेवाकडे आले, पहिल्या यत्तेतल्या पोरासारखे. परंतु लिहिताना ओठ दाताखाली नव्हता.