वाडी कुणाची?

आगाशीला मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला तुम्ही येता, त्याच गावात आमची वाडी आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी घेतलेली. सातबाऱ्यावर तेव्हापासून पुरुषांचीच नावं. वाडी तरली मात्र बायकांच्या सुकेळ्यांवर. राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, जीव पडू नये म्हणून वर मलमल, सूर्यास्ताआधी सगळं आत.

आता वाडी विकायचं चाललंय. दोन्ही नणंदांकडे हक्कसोडपत्रावर सह्या मागितल्यात. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. अपरिग्रह म्हणून सोडायचं तर मनापासून सोडा, भिडेखातर नको. नणंदांना मी तेच सांगितलं. घरात दोन दिवस अबोला आहे.