मला आवडलेले चित्रपट

"सर, आपला सर्वांत आवडता चित्रपट कोणता?" असा प्रश्न गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एका मुलीनें मला विचारला. धडा संपला होता आणि घंटा होण्यास पांच मिनिटें अवकाश होता. "पुढें कधीं तरी सांगेन," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. परंतु शिक्षकानें दिलेलें वचन मुलें विसरत नाहींत. दिवाळीच्या सुटीनंतर तोच प्रश्न पुनः पुढें आला. म्हणून वार्षिकासाठीं लेख मागण्यांत आला, तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर येथेंच द्यावें असें मीं ठरविलें.

शाळेच्या अंकांत चित्रपटांची चर्चा कित्येक पालकांना रुचणार नाहीं हें मी जाणून आहें. ज्या घरांत मी वाढलों तेथेंही ती रुचली नसती. माझे वडील खेडोपाडीं उपदेशकाचें काम करीत, आणि चित्रपट म्हणजे पैशाचा व वेळेचा अपव्यय असें त्यांचें ठाम मत होतें. त्या काळीं दत्तजयंतीच्या यात्रेस माहुरास तंबूचा सिनेमा येई. मी दहा वर्षांचा होतों. खिशांत तिकिटापुरते पैसे नव्हते. तंबूच्या मागील कनातीला एक फट होती. तिला डोळा लावून आम्हीं चौघां मुलांनीं, मार्गशीर्षाच्या थंडींत कुडकुडत, प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' पडद्याच्या पाठीमागून पाहिला. त्यामुळें अक्षरें उलटीं दिसत व उजवा हात डावा होई. पण विष्णुपंत पागनीस यांच्या चेहऱ्यावरील प्रसन्नता कोणत्याही बाजूनें पाहिली तरी तीच होती.

दामले व फत्तेलाल या जोडीनें हा चित्रपट १९३६ सालीं पुढें आणला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या रात्रीं मला कळली ती फक्त जिजाई. नवरा देवाच्या नादीं लागलेला, घरांत दाणा नाहीं, पदरीं मुलें. ती चिडते, देवाशीं भांडते, आणि तरीही चूल विझूं देत नाहीं. अशा बाया मीं आमच्या आळींत रोज पाहत होतों. त्यांच्याविषयीं कोणी गोष्ट सांगेल असें मात्र मला कधीं वाटलें नव्हतें.

इतक्यांत माझ्या खांद्यावर हात पडला. वडील मला शोधीत आले होते! आतां मार बसणार अशी माझी खात्री झाली. पण मी काय पाहतों आहें हें पाहण्यासाठीं ते फटीशीं वांकले ते वांकलेच. रीळ बदलण्यासाठीं दिवे लागले तेव्हां ते एक शब्दही बोलले नाहींत, आणि अंधार होतांच पुनः वांकले. घरीं परततांना त्यांनीं मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशीं पोहोंचलों, असें टिळक म्हणत असत. चित्रपट वाईट, असें वडील त्या दिवसापासून म्हणेनासे झाले. "कोणता?" असें विचारूं लागले.

पुढें महाविद्यालयांत शिकत असतां एक हकीकत माझ्या वाचनांत आली, व ती वडिलांना सांगण्याकरितां मी मुद्दाम घरीं आलों. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१० च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. आणि तो पाहतां पाहतांच, आपल्या राम-कृष्णांचीं चरित्रें अशीं पडद्यावर कां येऊं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत आला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. तारामतीच्या कामासाठीं स्त्री मिळाली नाहीं म्हणून साळुंके नांवाच्या पुरुषानें तें काम केलें. सरस्वतीबाई फाळके यांनीं सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याचें कामही केलें. जिजाईचीच ही बहीण, असें मला वाटलें. याच्या उलट दुसरी गोष्ट: अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांत १९१८ सालीं जन्मलेले शाहू मोडक यांनीं १९३२ च्या 'श्यामसुंदर' मध्यें कृष्णाचें काम केलें, आणि १९४० सालीं 'संत ज्ञानेश्वर' मध्यें ते ज्ञानेश्वर झाले. हें ऐकून वडील बराच वेळ हंसत होते.

१९४१ सालचा शांतारामबापूंचा 'शेजारी' मला याच कारणासाठीं प्रिय आहे. केशवराव दाते यांचा जिवबा आणि गजानन जागीरदार यांचा मिर्झा हे दोन म्हातारे जिवलग मित्र. गांवाजवळ धरण बांधावयाचें असतें. ज्याला त्यांत लाभ दिसतो तो त्यांच्यांत वितुष्ट पाडतो. वैर असें बाहेरून आणलेलें असतें, आणि तें आपलेंच आहे असें दोघांनाही वाटूं लागतें. मैत्री परत येते, पण धरण फुटतांना, मृत्यूच्या दारांत. इतका उशीर कां करावा, हा प्रश्न मला तो चित्रपट दर वेळीं विचारतो.

आतां शेवटचा चित्रपट. त्याविषयीं लिहावें कीं न लिहावें, असा मला बराच विचार पडला.

फार वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत नवाच शिक्षक झालों होतों. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करीत. मुलें त्याला 'कल्हई' म्हणत. एके दिवशीं हजेरी घेतांना त्याच्या नांवाऐवजीं मींच "कल्हई" अशी हांक मारली. वर्ग खदखदून हंसला, मीही हंसलों. तो "हजर" म्हणाला नाहीं. आठ दिवसांनीं तो शाळेंत यावयाचा थांबला. मी कांहीं दिवस 'गैरहजर' लिहीत गेलों, नंतर नांवावर तांबडी रेघ मारली, आणि कारणाच्या रकान्यांत 'स्थलांतर' असें लिहिलें. तें खोटें होतें.

१९१४ नव्हे, २०१४ सालीं, म्हणजे फाळक्यांनंतर शंभर वर्षांनीं, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला. मीं तो नांदेडास पाहिला. कैकाडी समाजांतील जब्या हा शाळकरी मुलगा आपल्या घरच्यांबरोबर डुकरामागें धांवतो आहे, आणि त्याच्याच वर्गांतील मुलें तें पाहून हंसत आहेत. शेवटीं जब्या दगड उचलतो व तो थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, भिरकावतो. पडदा काळा होतो. इतर लोक उठूं लागले, मला उठवेना. तो दगड कोणाचा हें मला ठाऊक होतें.

त्यानंतर दोन वर्षांनीं, नवरात्रांत, रेणुकेच्या गडाच्या पायथ्याशीं चहाच्या एका टपरीवर तो मला दिसला. त्यानेंच मला प्रथम ओळखलें. चहा दिला, पैसे घेईना. मीं धीर करून ती हजेरीची गोष्ट काढली व "माझें चुकलें" असें म्हटलें. तो पेला विसळीत होता. "ध्यानात हाय, सर," एवढेंच तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानें क्षमा केली कीं नाहीं हें मला कळलें नाहीं, आणि विचारण्याचा अधिकारही मला नव्हता.

तेव्हांपासून प्रत्येक जूनमध्यें, पहिल्या हजेरीपूर्वीं, मी प्रत्येक मुलाला विचारतों, "तुला कोणत्या नांवानें हांक मारूं?" मुलांना त्याची गंमत वाटते. नववींतल्या माझ्या विद्यार्थिनीनें कदाचित् तें लक्षांत ठेवलें असेल. तिच्या प्रश्नाचें उत्तर असें: जो पाहून मला सुख झालें तो 'संत तुकाराम', आणि ज्याचें ऋण माझ्यावर सर्वांत अधिक आहे तो 'फँड्री'.

पालकांस एक विनंती. मुलें हल्लीं हातांतल्या फोनवर एकटींच चित्रपट पाहतात. रागावण्यापूर्वीं "कोणता?" असें विचारावें, आणि जमल्यास थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावें.