कटकट कुठून येते?

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे साखळी म्हटलं की आजीच्या गळ्यातलीच आठवते! पण ठाकुर्लीचा पूल चढताना माझी रोड बाइक कटकट करायला लागली. दुकानदार म्हणाला, "चेन, दाते, सगळंच बदला." बाबांचा पगार डोळ्यांसमोर आला, म्हणून आधी कान लावला.

पेडल थांबलं की आवाज बंद. पेडलच्या प्रत्येक फेरीला आला असता, तर संशय क्रँकवर. हा मात्र सव्वादोन फेऱ्यांनी यायचा. पुढे दाते 50, चेनच्या कड्या 108, करा भागाकार! म्हणजे एकच कडी जाम. पट्टीने 24 कड्या मोजल्या: बरोबर 12 इंच. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या असत्या, तर चेन बाद. कडी दोन्ही बाजूंना हलवली, तेलाचे दोन थेंब सोडले, कटकट गायब!

मित्रांनो, बदलण्याआधी मोजा.