एकटीपुरती नानखटाई

मैत्रिणींनो, शिफ्टच्या घरातली बाई दिवसातून किती वेळा ताट वाढते, हे कधी मोजलंय का तुम्ही? आम्ही चिंचवडला राहतो. ‘ह्यां’ची नोकरी चाकणला. एक आठवडा पहिली पाळी, मग दुसरी, मग तिसरी. दोन्ही मुलांचे क्लास निराळे, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या, आणि माझी दुपारपर्यंतची अर्धवेळ शाळा. चौघांची चार ताटं चार वेळांना वाढायची. पाचवं कुणाचं ते सांगायला नकोच! ते ओट्याशी उभ्या उभ्याच होतं.

अशा घरात गोडाचंही तसंच. आमच्या लहानपणी दिवाळीत आई तूप, मैदा, साखर घेऊन बेकरीत जायची. बेकरीवाला पत्रे भरून नानखटाई भाजून द्यायचा. घरभर घमघमाट! पण डबा रिकामा होईपर्यंत आईच्या वाट्याला यायचा तो तळाचा चुरा. आणि ‘मला चुराच आवडतो’ असं ती म्हणायची. आम्ही ते खरं मानत होतो.

बेकरीची भट्टी एका नानखटाईसाठी कोण पेटवणार? गोड करायचं म्हणजे घाणाच घालायचा, आणि घाणा म्हणजे सगळ्यांचा. आता मात्र बऱ्याच घरी फ्रिज आहे, काही घरी छोटा ओव्हनही आहे. म्हणून मी काय करते, ते सांगते.

एक वाटी साजूक तूप आणि एक वाटी पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची. त्यात दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर सोडा आणि वेलदोड्याची पूड घालून हलक्या हातानं गोळा करायचा. फार मळायचं नाही बरं का, नाहीतर नानखटाई कडक होते. वीसेक गोळे वळून किंचित दाबायचे, ताटलीत सुटे सुटे ठेवून फ्रीझरमध्ये घट्ट करायचे आणि मग डब्यात भरायचे. दोनेक महिने छान राहतात. कच्चं पीठ मात्र मुलांना चाखू देऊ नका. कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात.

हवा तेव्हा एकच गोळा काढायचा. ओव्हन आधी १७० अंशांवर तापवून घ्यायचा आणि गोळा गोठलेलाच आत ठेवायचा. पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. तूप थिजलेलं असल्यानं ती पसरत नाही, वर सुरेख भेगा पडतात. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण घालून दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. गरम असताना ती मऊच लागते. पाच मिनिटं थांबलात की खुसखुशीत होते.

तुम्ही म्हणाल, एकीसाठी एवढा गॅस? सासूबाईही हेच म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, ह्यांना रात्री बारा वाजता गरम पोळी करून वाढते, तीही एकट्यासाठीच ना?” त्या काही बोलल्या नाहीत. पण खरं सांगू? त्यांच्यापेक्षा माझंच मन जास्त अडवतं. डबा उघडला की हात आपोआप मुलांसाठी चार गोळे काढू लागतो. त्या हाताला आवरणं हेच पाककृतीतलं सगळ्यात अवघड काम!

मुलांना, ह्यांना त्यांच्या वेळेला मिळतेच. प्रश्न एका नानखटाईचा नाहीच. घरात आपल्यासाठीही काही गरम होऊ शकतं, हे मुलांनी पाहायला हवं, मुलीनं तर नक्कीच. नाहीतर उद्या तिलाही चुराच आवडू लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी गोळे वळाल, तेव्हा आपलेही मोजून ठेवा. आणि भाजलीत की बसून खा हं, ओट्याशी उभं राहून नव्हे!