आगगाडी गेली, वाट उरली

मैत्रिणींनो, बाळंतपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? बाजेखालची शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, कानाला बांधलेला रुमाल आणि सव्वा महिना उंबऱ्याच्या आत! याच्या पलीकडे मीही काही पाहिलं नव्हतं. म्हणूनच गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत डिंक, आळीव, सुंठ, खारीक असं सगळं सामान होतं. आई गुडघ्यांनी अधू, तेव्हा तिच्या जागी मलाच जाणं भाग होतं. माझी नोकरी अर्धवेळ शिक्षिकेची, त्यात शाळेला सुट्टी. सासूबाई म्हणाल्या, "तू नििश्चिंत जा, पोरीकडे मी बघते."

धाकटी राहते शिकागोच्या पश्चिमेला, साधारण चाळीस किलोमीटरवरच्या व्हीटन गावात. गाव मोठं देखणं, पण रस्त्यावर माणूस म्हणून दिसेल तर शपथ! कोथिंबीर संपली तरी मोटार काढायची. मला कुठली मोटार चालवता यायला? मेहुणे सकाळी कामावर गेले की घरात आम्ही दोघी आणि तान्हं बाळ. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. ही सगळी व्यवस्था अर्थात माझीच!

तिसऱ्या आठवड्यात धाकटीचं काहीतरी बिनसलं. जेवण जाईना, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागेना. भिंतीकडे बघत बसायची. एके दुपारी म्हणाली, "ताई, हे बाळ माझं वाटतच नाही गं मला." माझ्या पोटात गोळाच आला. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला नीट एकेक प्रश्न विचारला. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं समजावलं. उपचार सुरू केले आणि निघताना सांगितलं, "रोज थोडं बाहेर चालत जा. उन्हात, झाडांत."

खरं सांगू? मला ते पटलं नव्हतं. गाडीत मी पुटपुटलेसुद्धा, "ओल्या बाळंतिणीला वारं लागलं म्हणजे?" धाकटी काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंच मला लागलं. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "चल, जाऊन तर येऊ. पण कान बांध हं!"

जायचं कुठे? तर घरापासून दोन गल्ल्या सोडून एक वाट होती. तिला 'इलिनॉय प्रेअरी पाथ' म्हणतात. आठ-दहा फूट रुंद, बारीक चुनखडीची खडी दाबून केलेली, दोन्ही अंगांना झाडी. मोटारींना तिथे मज्जाव. पायी चालणारे, सायकलवाले, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, पळणारे म्हातारे, सगळे त्या एकाच वाटेवर. उजवीकडून चालायचं आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवून पुढे जायचं, एवढाच नियम. पहिल्या दिवशी मी आपल्या सवयीने डावीकडून चालले आणि समोरच्या सायकलवाल्याची भंबेरी उडवली!

त्या दिवशी पहिल्या बाकापर्यंतच गेलो. धाकटी बसली, उन्हाकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या वळणापर्यंत. वाटेवर कुठेही दम लागेल असा चढ नाही, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. त्याचं कारण पुढे कळलं. ती वाट म्हणजे जुन्या आगगाडीचा मार्ग. रुळांना एकदम चढ चालत नाही, म्हणून तेव्हा भराव घालून आणि टेकाडं कापून जमीन सारखी केलेली. आता रूळ नाहीत, पण ती सपाटी बाळंतिणीच्या आणि बाबागाडीच्या उपयोगाला आली!

ही गोष्ट मला वाटेवरच्याच एका आजीबाईंनी सांगितली. हातात कात्री, पाठीला पिशवी, वाटेवर आलेल्या फांद्या छाटत होत्या. मी विचारलं, "नगरपालिकेच्या का तुम्ही?" त्या हसल्या. म्हणाल्या, "नाही हो, आमचीच वाट आहे, म्हणून करते." मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या.

१९०२ सालापासून इथून शिकागोला विजेची गाडी जायची. पुढे महामार्ग झाला, मोटारी वाढल्या, गाडी तोट्यात गेली. ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी गाडी बंद झाली. सकाळी तिनेच कामावर गेलेली माणसं संध्याकाळी शहरात अडकली! १९६१ साली मार्ग कायमचा सोडून दिला. रूळ निघाले, गवत माजलं, लोक कचरा टाकू लागले. कोणाला तिथे रस्ता हवा, कोणाला इमारती.

तेव्हा मे वॉट्स नावाच्या बाई पुढे आल्या. जवळच्या मॉर्टन वृक्षोद्यानात त्या लोकांना झाडंपेडं ओळखायला शिकवत. चार मुलांची आई, वय सत्तर. इंग्लंडातल्या पाऊलवाटा त्या हिंडून आल्या होत्या. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून'ला एक पत्र लिहिलं. आपल्याला चालायला वाट हवी आणि ती या सोडलेल्या रेल्वेमार्गावर होऊ शकते, पण बुलडोझर यायच्या आत हालचाल केली तरच, असा त्याचा आशय. पत्र म्हणजे काय, आपण सगळ्याच लिहितो! पण बाई पत्र लिहून थांबल्या नाहीत. ओळखीच्या बायकापुरुषांना गोळा केलं, गावोगाव व्याख्यानं दिली, बैठका घेतल्या. १९६५ साली संस्था स्थापन झाली. १९६६ साली काउंटीने जमीन संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. मग लोकांनी आपल्या हातांनी कचरा उचलला, झुडपं तोडली, वाट साफ केली. १९७५ साली बाई गेल्या. आज शाखा धरून ही वाट जवळजवळ शंभर किलोमीटरची आहे. रेल्वेमार्गाची वाट करण्याचे त्या देशातले जे अगदी पहिले प्रयत्न, त्यांतला हा एक.

आजीबाईंचं एक वाक्य मात्र माझ्या मनात घर करून राहिलंय. म्हणाल्या, "लांब पट्टा होता म्हणून वाट झाली. मधला एक तुकडा जरी कोणी विकत घेतला असता, तर पुन्हा जोडता आला नसता."

जून लागला. वाटेच्या कडेची तुतीची झाडं लगडली. आम्ही दोघींनी लहानपणासारखी बोटं जांभळी करून घेतली. खांद्यावर तांबडा ठिपका असलेला एक काळा पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालायचा. एकदा त्याने माझा अंबाडाच गाठला. मी ओरडले आणि धाकटी हसली. खळखळून हसली! महिन्याभरात पहिल्यांदा. बाबागाडीतल्या लेकाकडे वाकून म्हणाली, "बघ रे, मावशीची कशी फजिती झाली!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी ते पक्ष्यावर ढकललं.

वाटेनेच सगळं केलं असं मी म्हणत नाही. औषध होतं, डॉक्टरीणबाई होत्या. पण दिवस उजाडला की घरातून निघून कुठेतरी जायचंय, कोणाच्या मोटारीवाचून, आपल्या पायांनी, हे तिला वाटेनेच दिलं. आणि मलाही. निघण्याआधीच्या रविवारी मी मेहुण्यांची सायकल घेतली. लग्नानंतर चौदा वर्षांनी! पहिल्यांदा धडपडले, मग तीन मैल गेले.

घरी आले आणि पाहिलं, माझी लेक हमरस्त्याने सायकलवर शाळेत जाते, ट्रक तिच्या कोपराला घासून जातात. ते रोजचंच होतं, मला दिसत नव्हतं. गावाशेजारून कालव्याची पट्टी थेट शाळेच्या मागे जाते. काटेरी झुडपं आणि कचरा. आमच्या गल्लीतल्या अकरा जणींच्या सह्यांनिशी मी अर्ज लिहिला. आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर अजून नाही. दर रविवारी आम्ही चौघी-पाच जणी कोयता आणि घमेलं घेऊन जातो. आतापर्यंत दोनशे पावलं मोकळी झालीत. सासूबाई काठावर बसून पावलं मोजतात!

तुमच्या गावातही अशी एखादी पडीक पट्टी असेल. जुना रूळ, कालवा, ओढ्याचा काठ. उद्या जाऊन बघा तरी. तिचे तुकडे पडायच्या आत.